मोडल्याशिवाय कमाई नाही

त्या घरात कुठलीच वस्तू आपणहून मोडत नसे. नळ असो, दाराची बिजागरी असो की कुकरची मूठ, जे मोडायचं ते दिवसाउजेडी, खिडकीतून बरा प्रकाश येत असताना आणि समोर स्टँडवर फोन चालू असताना मोडायचं. मोडणारा घरचा जावई आणि दुरुस्त करणाराही तोच. मधेच कधीतरी त्याचा अंगठा सापडायचा, तो कळवळून ओरडायचा आणि ते पाहून दूरदूरच्या अनोळखी माणसांना फार बरं वाटायचं. सासरे या सगळ्याला नासधूस म्हणत. जावई कंटेंट म्हणे.

फोनमधल्या जगात त्याला पानाभाऊ म्हणत. हातात कायम नटबोल्ट आवळायचा पाना, म्हणून प्रेक्षकांनी ठेवलेलं नाव. ते त्याला इतकं आवडलं होतं की कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर तो जरा उशिराच वळून बघे. त्याआधी तो नळ आणि फरशांच्या शोरूममध्ये विक्रीला होता. मालकाने एक दिवस दुकान अर्धं केलं आणि त्या अर्ध्यात पानाभाऊ बसेना. बायको म्हणाली, दुसरीकडे बघ. त्याने दुसरीकडे बघितलं ते फोनमध्ये. तिथे एक गृहस्थ चकचकीत गाडीला टेकून सांगत होते की नोकरी म्हणजे गुलामी, स्वतःचे मालक व्हा, व्हिडिओ बनवा आणि झोपेतही कमवा. कसं कमवायचं ते त्यांच्या वर्गात शिकवलं जाणार होतं. पानाभाऊने फी भरली. गृहस्थ स्वतः कसे कमावतात हे खरं तर फी भरतानाच समजायला हवं होतं, पण माणूस शिकायला बसला की त्याचं एवढ्याशा गोष्टीकडे लक्ष जात नाही.

भाडं परवडेना म्हणून नवराबायको तिच्या वडिलांकडे राहायला आले. दोन खोल्या, एक गॅलरी आणि एकटे सासरे. ते दोऱ्याच्या कारखान्यात टाइमकीपर होते. कोण कामगार फाटकातून कधी आत आला, कधी बाहेर पडला, याची हजेरी लावण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गल्ली त्यांना टाइमकीपरच म्हणे. तेही उशिरा आलेल्या माणसाकडे असं बघत की त्याने आपणहून अर्धा दिवस कापून द्यावा. कामाची त्यांची व्याख्या साधी होती. माणूस घराबाहेर पडतो, कुठल्यातरी फाटकातून आत जातो आणि संध्याकाळी दमून बाहेर येतो, त्याला काम म्हणतात. जावई दमत होता, पण त्याला फाटक नव्हतं.

त्यामुळे सकाळी चहाचा कप हातात आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "जावईबापू, आज काय मोडायचं ठरलंय?" अहो-जाहो सोडायचं नाही आणि टोचायचंही सोडायचं नाही. घरी कुणी आलं आणि जावई काय करतात म्हणून विचारलं, तर ते सांगत, आमचे जावई फोनमध्ये असतात. सांगण्याचा सूर असा की समोरच्याने सुटका कधी आहे हेच विचारावं.

घरातली एकच वस्तू पानाभाऊच्या तावडीतून सुटलेली होती, ती म्हणजे टाइमकीपरांची खुर्ची. कारखान्याने निरोपाच्या दिवशी दिलेली, रुंद हातांची लाकडी आरामखुर्ची. जावई सामान घेऊन घरात आला त्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं की घर तुमचं आहे, पण माझ्या खुर्चीला हात लावायचा नाही. बाकी टेबल, कपाट, पंखा, इस्त्री, बाथरूमची कडी, सगळं निदान एकदा तरी खोलून झालं होतं. नळ तर इतक्या वेळा गळवून थांबवला होता की आता तो खरोखर गळायला लागला तरी कुणाचा विश्वास बसला नसता.

कमाईचं म्हणाल तर ती होत होती. एका गोंदाच्या कंपनीने त्याचा व्हिडिओ पाहून मोठ्या कौतुकाने फोन केला, आमच्या गोंदाने काहीतरी चिकटवून दाखवा म्हणाले. मोबदला काय, तर गोंद. चांगली पेटी भरून गोंद. पानाभाऊने कुकरची मूठ चिकटवली, व्हिडिओ झकास झाला आणि दुसऱ्याच दिवशी मूठ बायकोच्या हातात आली, कुकर मात्र खालीच राहिला. तिने ती मूठ नवऱ्यासमोर ठेवली आणि कामावर गेली. ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये होती. दिवसभर लोकांच्या शिरा शोधायच्या आणि महिनाअखेरीस घर चालवायचं, अशी तिची दोन कामं होती.

खरे पैसे जाहिरातींचे. व्हिडिओच्या आधी आणि मधेमधे कंपनी जाहिराती लावते आणि त्यातला थोडा वाटा व्हिडिओ करणाऱ्याच्या नावावर जमा करते. पण ठरावीक रक्कम साठल्याशिवाय त्यातला एक पैसाही बँकेत येत नाही. तोवर तो नुसता बघायचा. पानाभाऊ बघायचा. उठल्यावर बघायचा, जेवताना बघायचा, दाढी करताना फेसाच्या बोटाने फोन पुसून बघायचा. आकडा गोगलगायीच्या चालीने पुढे सरकत होता आणि त्याच्याकडे बघत बसल्याने तो जरासुद्धा वेगाने पळत नव्हता.

अशात बायकोच्या लॅबमधली काउंटरची जागा रिकामी झाली. पावत्या फाडायच्या, रिपोर्ट द्यायचे, लोकांना उपाशीपोटी आलात का म्हणून विचारायचं. मालक महिनाभर जागा धरून ठेवायला तयार होते. बायकोने विषय काढला तेव्हा आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली की तुझी पहिली कमाई महिनाअखेरपर्यंत बँकेत आली तर मी पुन्हा नोकरीचं नाव काढणार नाही, नाही आली तर तू काउंटरवर बसायचं. पानाभाऊने ऐटीत मान डोलावली. आतून त्याची तंतरली होती.

काउंटरवर बसण्यात त्याला कमीपणा वाटत होता असं नाही. त्याला एकच गोष्ट हवी होती आणि ती इतकी पोरकट होती की बायकोलाही सांगायची लाज वाटे. पहिले पैसे बँकेतून काढून टाइमकीपरांच्या हातावर ठेवायचे, विजेचं बिल भरा म्हणायचं, आणि त्या म्हाताऱ्याने एकदा, फक्त एकदाच, तो जे करतो त्याला काम म्हणायचं.

म्हणून एका संध्याकाळी जेवताना सासऱ्यांनी आपणहून विचारलं की हे जाहिरातींचं नक्की असतं कसं, तेव्हा तो हरखला. विचारण्यात टोमणा नव्हता. पानाभाऊने हातातला घास ताटात ठेवून धंदा समजावून सांगितला. लोकांनी जाहिरात पाहिली की थोडे मिळतात, आणि ती दाबून पुढे दुकानापर्यंत गेले की चांगले मिळतात. दाबणाऱ्याचे काही जातात का, हे टाइमकीपरांनी दोनदा विचारून घेतलं. काही जात नाहीत, असं जावयाने दोनदा सांगितलं. मग ते हं म्हणाले आणि हात धुवायला उठले.

त्यानंतर चमत्कार सुरू झाला. गोगलगाय धावायला लागली. आकडा सकाळी एवढासा असायचा आणि दुपारी जेवणाच्या वेळेपर्यंत भलताच फुगलेला असायचा. पानाभाऊने या यशाची कारणं शोधायला घेतली. यशाची कारणं यशस्वी माणसाला फार लवकर सापडतात, तशी त्यालाही सापडली. चमत्कार सुरू झाला त्या दिवशी त्याने लाल शर्ट घातला होता. झालं. लाल शर्ट अंगावरून उतरेना. तो रोज धुवायचा, पंख्याखाली वाळवायचा आणि पुन्हा चढवायचा. त्याचे पाय जमिनीवर टिकेनात. 'व्हिडिओतून कसं कमवावं' असा आपलाच एक वर्ग काढायचा बेतही त्याने बायकोला ऐकवला. फीसुद्धा ठरवून टाकली होती.

टाइमकीपरही जरा बदलले होते. सकाळचा टोमणा चालूच होता, पण त्याला पूर्वीची धार नव्हती. बागेतल्या बाकावर जुन्या मंडळींबरोबर बसायला ते रोज जात, ते आता लवकर निघून उशिरा परतत. फोनचं रिचार्ज संपलं म्हणून त्यांनी मुलीकडून दोनदा करून घेतलं. जेवताना आकडा कुठवर आला हे विचारत, आणि चांगला सरकला म्हटलं की मिशीतल्या मिशीत काहीतरी होई. पानाभाऊला वाटलं, लाल शर्टाचा परिणाम सासऱ्यांवरही होतोय.

आकडा त्या ठरावीक रकमेच्या पार गेला. आता बँकेत पैसे यायचे तेवढे राहिले. आणि मग कंपनीचा मेल आला.

मेल अतिशय सभ्य होता. कंपन्या गळा कापताना सभ्यच असतात. आपल्या व्हिडिओवरच्या जाहिराती काही मोजके फोन पुन्हा पुन्हा, मुद्दाम दाबत असल्याचं आढळलं आहे, सबब जमा रक्कम मागे घेतली आहे आणि महिनाअखेरपासून आपल्या व्हिडिओवर जाहिराती लागणार नाहीत. आपलं काही म्हणणं असेल तर कळवावं. हे कुणी केलं आणि ते थांबवण्यासाठी आपण काय केलं, हे त्यात लिहावं. खाली नाव नव्हतं. तिथे बसून मेल लिहिणारा माणूस आहे की यंत्र, हेही पानाभाऊला कळायला मार्ग नव्हता. स्वतःचा मालक झालेल्या माणसाचा हा असा मालक होता.

पानाभाऊ दिवसभर खोलीत येरझाऱ्या घालत राहिला. कुणीतरी डाव साधला होता. कोण, हेही त्याला लगेच कळलं. दुरुस्तीचेच व्हिडिओ करणारा एक हातोडीमास्तर म्हणून होता, त्याला पाण्यात बघणारा. खरं तर पाण्यात बघत होता तो पानाभाऊच, पण रागात माणसाला दिशा उलटसुलट दिसतात. त्याने हातोडीमास्तरला लांबलचक मेसेज पाठवला. त्यात पाठीत सुरा होता, माणुसकी होती आणि शेवटी कोर्टही होतं. हातोडीमास्तरचं उत्तर लगेच आलं, आणि ते दुखऱ्या माणसाने दुखऱ्या माणसाला लिहावं तसं होतं. दादा, माझंही असंच बंद पडलं होतं. माझी बहीण प्रेमाने दाबत होती. घरच्यांना विचारून बघा.

घरच्यांना! पानाभाऊ एकटाच हसला. बायकोला मान वर करायला वेळ नव्हता. आणि सासरे त्याची जाहिरात दाबतील? जमलं असतं तर त्यांनी त्याचा फोनच दाबून फोडला असता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते याच जातीच्या शहाण्यांसाठी.

दुसऱ्या दिवशी घरात बसवेना, तेव्हा त्याला बाग आठवली. तिथल्या एका बाकाची फळी खरोखर, कुणीही न मोडता मोडली होती. बऱ्याच दिवसांनी एक प्रामाणिक बिघाड भेटला, निदान तो तरी करून टाकू, असं मनात घेऊन तो लाल शर्टात, पाना आणि स्टँड घेऊन निघाला. बागेपाशी पोचला तर कुंपणाच्या झाडीपलीकडच्या बाकावरून त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला. "आई गं, अंगठा!" हा ओरडा त्याच्या नळाच्या व्हिडिओतला होता. तो एकदम चार ठिकाणांहून, थोडा थोडा मागेपुढे, ऐकू येत होता.

झाडीच्या फटीतून त्याने पाहिलं. चार म्हातारे, चार फोन. मध्ये टाइमकीपर ताठ बसलेले. बाकीच्यांमध्ये कोपऱ्यावरचे शिंपी होते, निवृत्त पोस्टमन होते आणि एक ड्रायव्हर, ज्यांचा चष्मा नाकावरून सारखा घसरत होता. शिंप्यांची तक्रार चालली होती की मला हे रोज मोटारीचे टायर विकायला बघतात, माझ्याकडे सायकलसुद्धा नाही. टाइमकीपरांनी त्यांच्या फोनमध्ये डोकावून बघितलं.

"आधी पूर्ण बघा, मग दाबा," ते म्हणाले. "न बघता नुसतं दाबलं तर ती चोरी झाली. आपल्याला चोरी करायची नाही."

शिंप्यांनी टायर पूर्ण पाहिले. मग दाबले. पोस्टमन हसून म्हणाले की घरी तर तुम्ही त्या पोराला सुखाने चहा पिऊ देत नाही, आणि इथे आमच्याकडून त्याची हजेरी भरून घेता.

"तोंडावर कौतुक केलं की माणूस सैलावतो," टाइमकीपर म्हणाले. "हजारो माणसं बघितलीत मी फाटकावर. आणि काम आहे ते. सकाळपासून उभा असतो तो. त्याचा अंगठा बघितलाय का कधी? हां, चला, आता पुढची."

पानाभाऊ झाडीमागे उभा होता. जे ऐकायला तो इतके दिवस झुरत होता ते त्याने ऐकलं होतं, आणि ज्याने त्याचा धंदा बुडवला तेही त्याच्या डोळ्यांसमोर चाललं होतं, आणि दोन्ही एकाच बाकावर. त्याला रडू आलं. रडताना हसूही येत होतं, म्हणून त्याने तोंडावर हात दाबून धरला. मग फळी तशीच ठेवून तो आल्या वाटेने परत गेला.

बायकोला सांगितलं तेव्हा ती आधी पोट धरून हसली, मग तिने सरळ उपाय सांगितला. तिचं म्हणणं बरोबरच होतं. बाबांना सांगून टाक, ते थांबतील, आणि कंपनीला खरं काय ते लिही. पानाभाऊ लिहायला बसलाही. 'हे कुणी केलं' याच्यासमोर रिकामी जागा होती. तिथे सासऱ्यांचं नाव लिहायचं त्याच्या जिवावर आलं. टाइमकीपरांनी उभ्या आयुष्यात कुणाची खोटी हजेरी लावली नव्हती. मित्राचीही नाही, सख्ख्या भावाचीही नाही. त्यांना आता जाऊन कसं सांगायचं की तुम्ही माझ्यासाठी रोज सकाळी जी लावलीत, ती सगळी खोटी धरली गेली? त्याने लिहिलं, माहीत नाही. कंपनीने तितक्याच सभ्यपणे कळवलं की आपलं म्हणणं समाधानकारक वाटलं नाही.

महिना संपला आणि पानाभाऊ काउंटरवर बसला. अंगात पांढरा शर्ट, हातात पाना नाही. पहिल्या दिवशी तो तयार होऊन निघाला तेव्हा टाइमकीपर खुर्चीत बसून त्याच्याकडे बघत होते. आता तो घराबाहेर पडत होता, लॅबला लोखंडी फाटकही होतं, संध्याकाळी दमून येणार हेही नक्की होतं. त्यांच्या व्याख्येत तो अगदी चपखल बसत होता. पण म्हाताऱ्याचा चेहरा काही फुलला नाही.

"आणि तुमचं ते काम?" त्यांनी विचारलं.

काम हा शब्द ते तोंडावर बोलून गेले होते, आणि आपण बोलून गेलो हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. पानाभाऊला चप्पल सापडेना. ती पायातच होती.

"चालू आहे, बाबा. सुट्टीच्या दिवशी करणार."

काही दिवसांनी जेवताना त्यांनी, आपल्याला काय त्याचं अशा सुरात, चौकशी केली की हल्ली जावयाच्या व्हिडिओवर जाहिराती का दिसत नाहीत. बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. शोरूममध्ये साध्या नळाला परदेशी बनावटीचा म्हणून विकणारी त्याची जीभ अशा वेळी कामाला आली.

"मोठे व्हिडिओ झाले की कंपनी जाहिराती काढून टाकते, बाबा. मान म्हणून."

टाइमकीपरांना ते पटलं की नाही, सांगता येत नाही. बागेतल्या बाकावर मात्र त्यांनी तसंच सांगितलं, आणि टायरांतून सुटका झाली म्हणून शिंप्यांनी देवाचे आभार मानले. कुठून कसं ते कळायला मार्ग नाही, पण हातोडीमास्तरच्या बहिणीसारखी गोष्ट अशी असते की ती एका फोनवर राहत नाही. घरच्यांनीच जाहिराती दाबल्यामुळे कुणाचं तरी बंद पडल्याचं पोस्टमनच्या नातवाने आजोबांना सांगितलं होतं म्हणतात. ते बाकावर निघालं त्या दिवशी टाइमकीपर बागेतून फार लवकर घरी आले.

सुट्टीच्या दिवशी पानाभाऊ उशिरा उठला. घरात मोडण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि मोडून मिळणारही काही नव्हतं. तो चहा घेऊन बाहेरच्या खोलीत आला तर टाइमकीपर भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या खुर्चीचा उजवा हात निखळून खाली पडला होता.

"जावईबापू, बघा जरा," ते दुसरीकडे बघत म्हणाले. "सैल झाला होता वाटतं. आपोआप निघाला."

पानाभाऊ वाकला. इतक्या वर्षांच्या लाकडात स्क्रूची भोकं ताजी दिसत होती आणि भोवती, सवय नसलेल्या हाताने स्क्रू-ड्रायव्हर घसरल्याचे पांढरे ओरखडे होते. चारही स्क्रू टेबलावर ओळीने मांडून ठेवलेले होते. म्हाताऱ्याचा उजवा अंगठा रुमालात गुंडाळलेला होता आणि तो हात त्यांनी पाठीमागे धरला होता.

पानाभाऊने चहा खाली ठेवला, आत जाऊन लाल शर्ट घातला, स्टँडवर फोन लावला आणि खिडकीचा पडदा बाजूला सारला. मग सासऱ्यांना म्हणाला, "बाबा, तुम्ही खुर्ची धरा. दिसाल असं उभं राहा."